मागचा खांदा

देवजीच्या पोटात दुखायला लागलं ते चैत्याची पाठ गेल्यापासून. पाठ चैत्याची, खाटेवर पडला तो चैत्या, आणि जळफळाट मात्र देवजीचा. असा माणूस कुठं बघितला नाही म्हणाल, तर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेला आमचा खांबपाडा आहे, तिथं या. आजही तिथंच राहतो.

दोघं अच्छाडच्या नाक्याजवळ एका शेठच्या लादीच्या गोदामात हमाली करायचे. हायवेला लागून मोठं आवार, त्यात कोटा, कडप्पा, ग्रॅनाइट असल्या लाद्या उभ्या करून ठेवलेल्या. राजस्थानातून येणारे ट्रक माल उतरवायला आपली माणसं घेऊनच यायचे. खांबपाड्याच्या गड्यांचं काम माल भरायचं. विरारकडे नाहीतर वापीकडे जाणारे टेम्पो लागायचे आणि फळीवरून त्यांच्यात लाद्या चढवायच्या. म्हणजे वर्षानुवर्षं ओझं घेऊन वरच चढायचं, खाली यायचं ते रिकाम्या हाताने. हे नीट ध्यानात ठेवा, कारण सगळं भांडण त्या फळीवरचंच आहे.

लादी उचलायची रीत साधी. दोरीच्या फासात लादी उभी अडकवायची, फास बांबूच्या दांड्याला लटकवायचा आणि दांडा दोघांच्या खांद्यावर. सपाटीवर वजन निम्मं निम्मं. फळीवर पाय ठेवला की दांडा तिरपा होतो, फास मागं सरकतो, आणि सगळा भार मागच्याच्या अंगावर येतो. मागचा एका हाताने फास पुढं रेटून धरतो, कमरेत वाकतो आणि तसाच वर चढतो. पुढचा नुसता वाट दाखवतो म्हटलं तरी चालेल.

आणि पुढं कायम देवजी. खांबपाड्यात दोघांनी मिळून काहीही उचललं, लग्नाच्या मांडवाचा खांब असो की तिरडी असो, पुढचा खांदा वयाने मोठ्याचा. तो मान असतो. देवजी चैत्यापेक्षा चार पावसाळे मोठा, म्हणून पहिल्याच दिवशी तो पुढं उभा राहिला आणि चैत्या मागं. कुणी ठरवलं नाही की विचारलं नाही. त्यात देवजी दिसायला दांडगा, बोलायला मोठा. नाक्यावरचा चहावाला त्याला गोदामाचा बैल म्हणायचा. चैत्या काटकुळा, तोंडात मूग. बघणाऱ्याला वाटायचं देवजी ओढतो आणि चैत्या दांड्याला लटकून येतो.

देवजीलाही तसंच वाटायचं. आता खरंच वाटायचं की नाही ते त्याच्या देवाला ठाऊक. एकदा चैत्याच्या हाताला विंचू चावला होता, फास रेटायला हात उचलेना, म्हणून देवजी मागं राहिला. दुपारची भाकर होईपर्यंत राहिला. भाकर खाऊन उठला आणि काही न बोलता पुढं जाऊन उभा राहिला. चैत्या सुजलेल्या हाताने मागं गेला. 

दोन हजार सोळाचा पाऊस संपला आणि चैत्याचा डावा पाय बधिर झाला. आधी भगताकडे गेले, त्याने पाठीवर डागण्या दिल्या. मग तलासरीच्या डॉक्टरने सुया दिल्या. शेवटी डहाणूला मोठा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला आणि सांगितलं की मणक्यात गॅप आलाय, शीर दबलीय. मग विचारलं, काम काय करता. चैत्याने सांगितलं. डॉक्टर म्हणाला, हा कामाचाच आजार आहे, यापुढे जड उचलायचं नाही.

कामाचा आजार. हे दोन शब्द पाड्यात आले आणि चैत्याचं नशीबच पालटलं. बोर्डीच्या निलमताई वकिलीण, तरुण बाई, स्कूटरवरून खांबपाड्यात आल्या. त्यांनी ठकीला, म्हणजे चैत्याच्या बायकोला, समजावलं की कामाने आजार जडला तर मालकाने भरपाई द्यायची असते, तसा कायदाच आहे, आपण दावा लावू. मग मजुरांच्या संघटनेची माणसं आली. मग दुसऱ्या पाड्यांतले हमाल आले, चैत्याच्या खाटेभोवती बसले, तो काय सांगतो ते ऐकायला लागले. तलासरीला सभा झाली तेव्हा चैत्याला जीपने नेलं, स्टेजवर उशी ठेवून बसवलं. ज्या चैत्याने जन्मात चार वाक्यं सलग बोलली नव्हती, त्याच्या हातात माईक.

देवजी सभेला मागच्या बाजूला उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

घरी आला तो धुमसतच. रखमी, त्याची बायको, नाचणी पाखडत होती.

"काय बोलला चैत्या?" तिने विचारलं.

"काय बोलायचाय? पाठ दुखते, पाय दुखतो. आमची काय लाकडाची हाय पाठ?"

"तुझी पण दुखतेच की. रात्री कण्हतोस ते मी ऐकते ना."

"मी कधी बोलतो का?"

"मग बोल. जा, दाखव डॉक्टरला. त्याला भरपाई मिळते तर तुला का नाय मिळायची?"

ते देवजीच्या मनात बसलं. एकच दांडा, एकच लादी, एकच फळी, मग एकाच्या पाठीचं एवढं कौतुक का? तो डहाणूला गेला. दिवसभर रांगेत बसला, फोटो काढला. डॉक्टरने त्याचाही फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, वयाप्रमाणे थोडी झीज आहे, घाबरण्यासारखं काही नाही. रोज सकाळी थोडा व्यायाम करा.

व्यायाम. दिवसभर दगड वाहणाऱ्या माणसाला व्यायाम करायला सांगितला. देवजीच्या अंगाचा तिळपापड झाला. व्यायाम सांगितला म्हणून नव्हे हो. चैत्याचा गॅप आणि आपली नुसती झीज, म्हणून. तोच दवाखाना, तोच डॉक्टर, फोटोपण तेवढाच मोठा. येताना एसटीत तो स्वतःशीच बडबडत होता. चैत्याचं दुखणं मोठं आणि आपलं बारकं, हे त्याला काही केल्या गिळवेना. घरी त्याने रखमीला सांगितलं की मशीन बिघडलं होतं.

दावा ठाण्याच्या कोर्टात उभा राहिला. शेठच्या वकिलाचं म्हणणं असं, की हा माणूस घरी भाताचे भारे वाहतो, ताडीला ताडावर चढतो, पाठ तिथंच गेली असेल, गोदामाचा काय संबंध? आणि संबंध असेल तर त्याच दांड्याखालचा दुसरा माणूस ठणठणीत कसा? निलमताईंनी चैत्याकडून फळीची गोष्ट काढून घेतली होती. सगळा दावा तिच्यावर उभा होता, की फळीवर भार मागच्यावर येतो आणि मागं कायम चैत्या. पण हे सांगायला साक्षीदार पाहिजे. बाकीचे हमाल शेठला घाबरून पाय मागं घ्यायला लागले. मुकादम दिपक तर शेठचाच माणूस.

निलमताई देवजीच्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या, रखमीने दिलेला कोरा चहा प्यायल्या.

"देवजीभाऊ, तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही खरं सांगितलंत तर चैत्याभाऊंचं होईल. नाहीतर काही हाती लागायचं नाही."

तुमच्याशिवाय कुणी नाही, हे ऐकून देवजीची छाती फुगली. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्या ओट्यावर बसलं होतं. तो लगेच हो म्हणाला. कामावरून काढलं तर काय, असं रखमीने विचारलं, तर म्हणाला, देवजीला काढायची कुणाची छाती हाय? आणि मनापासून म्हणाला. त्या घटकेला त्याचा चैत्यावर काही राग नव्हता.

कोर्टात जायच्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला. चैत्याला भिंतीकडेच्या बाकावर आडवा टेकवून बसवला होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो धडपडत उठायला लागला, तर जजसाहेब स्वतः म्हणाले, राहू द्या, त्रास होत असेल तर बसूनच बोला. शिपायाने त्याला पाण्याचा पेला आणून दिला. देवजी सकाळपासून दाराजवळ उभा होता. त्याच्या कमरेत कळ येत होती. त्याला कुणी पाणी विचारलं नाही.

मग त्याचा नंबर लागला. शपथ झाली. निलमताईंनी विचारलं, फळीवर काय होतं ते साहेबांना सांगा. देवजी खुलला. त्याने टेबलावरची पट्टी मागून घेतली, तिरपी धरून दाखवली, दोरी कशी सरकते, मागच्याने हात कुठं लावायचा, कंबर कुठं वाकते, सगळं रंगवून सांगितलं. जजसाहेब पुढं वाकून बघत होते. लिहिणारा लिहायचा थांबला. सगळं कोर्ट आता देवजीकडे बघत होतं.

"म्हणजे जड बाजू मागची," निलमताई म्हणाल्या.

"मागचीच. पुढचा काय, नुसता चालतो. पाठ लागते ती मागच्याची."

"आणि मागे कोण असायचं?"

देवजीने बाकाकडे बघितलं. चैत्या पाण्याचा पेला हातात घेऊन बसला होता, आणि सगळ्यांच्या नजरा देवजीवरून हळूहळू त्याच्याकडे वळायला लागल्या होत्या. जजसाहेबांचीसुद्धा. आता त्याचं नाव घेतलं की झालं. म्हणजे जन्मभर ताकदीचं काम चैत्याने केलं आणि गोदामाचा बैल नुसता चालला, हे आपल्याच तोंडाने सांगायचं, आणि तेही भरल्या कोर्टात. 

"मीच," तो म्हणाला.

निलमताईंना वाटलं तो गोंधळला. त्यांनी पुन्हा विचारलं, नीट आठवा, मागे कोण?

"मी. जड बाजू माझ्याकडेच असायची. पाड्यात कुणालापण विचारा, जोर कुणाच्या अंगात हाय."

शेठचा वकील तर खुर्चीतून अर्धा उठलाच. त्याला एकच प्रश्न विचारायचा होता.

"इतकी वर्षं जड बाजू तुम्ही उचललीत. मग तुमच्या पाठीला काही झालंय?"

इथं तरी त्याने आपल्या कळा सांगायच्या. पण त्याला ती झीज आठवली, तो व्यायाम आठवला.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला.

परत येताना जीपमध्ये निलमताई फक्त एकदा बोलल्या. "देवजीभाऊ, तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?"

"जे हाय ते बोललो," देवजी म्हणाला.

चैत्या मागच्या सीटवर कुशीवर पडला होता.  मनोरपर्यंत देवजी वाट बघत होता की हा आता शिवी देईल, मग देईल. दिली असती तर देवजीने दोन परत दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण चैत्या डोळे मिटून पडून राहिला.

चैत्याचा दावा फेटाळला गेला. आजार कामामुळे झाला हे सिद्ध होत नाही, असं निकालात आलं. दिपक मुकादमाने सांगितलं, मागं देवजीच असायचा, मीही बघितलंय, आणि ते दोघांचं जुळलं. ठकी नरपडच्या चिकूवाडीत फळं निवडायच्या कामाला जायला लागली, पहाटे पाड्यावरून निघायची ती दिवेलागणीला परत. रस्त्यात देवजी दिसला की ती खाली थुंकायची. बाई खरी होती. मला विचाराल तर थोडंच केलं तिने.

आणि देवजी? तो खूश होता. चहावाल्याने त्याला फुकट चहा दिला. शेठने पाठीवर थाप मारली. महिना-दोन महिने पाड्यातला माणूस म्हणायचा की हो बाबा, देवजीच मागचा होता म्हणे. चैत्याच्या खाटेभोवती बसणारी माणसं पांगली.

पण दिपक मुकादम डोक्याने तेज. चैत्या पडल्यापासून मागं कुणी ना कुणी पोरगं असायचं, आता त्या जागी त्याने भिकाला आणलं. भिका देवजीपेक्षा वयाने थोर, वाळलेल्या शेंगेसारखा म्हातारा. पुढचा खांदा थोरल्याचा, त्यामुळे भिका आपसूक पुढं जाऊन उभा राहिला. देवजी जरा घुटमळला.

"काय रे, काय झालं?" दिपक म्हणाला. "कोर्टात शपथेवर सांगितलंस ना? मागं तूच ना?"

सगळे हमाल बघत होते. देवजी मागं गेला.

पहिल्या फळीवरच त्याला कळलं चैत्या काय वाहत होता ते. फास सरकत आला, लादी छातीशी आली, आणि कमरेत कुणीतरी पाचर ठोकली. भिकाचा जोर म्हणजे नावाला. देवजीने दात खाऊन लादी वर नेली. दुसरी नेली. तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती. चैत्या कण्हला असता तर चाललं असतं, देवजीला कण्हता येत नव्हतं. आणि गंमत बघा, फळीवर वाकलेला असताना त्याला चैत्याची दया यावी ना? तर नाही. त्याला राग यायचा, की त्या काटकुळ्याने हे इतकी वर्षं उचललं कसं. आपण वर्षही काढत नाही आणि तो हूं की चूं न करता उचलत होता. त्याचा हेवा वाटायला आता आणखी एक कारण मिळालं.

अठरा सालच्या भातकापणीपर्यंत देवजी रेटत राहिला. मग एका सकाळी अंथरुणावरून उठेना. उजवा पाय त्याचा राहिला नव्हता. डहाणूला पुन्हा फोटो काढला, आणि या वेळी डॉक्टरने व्यायामाचं नाव काढलं नाही. गॅप आला होता, चांगला रुंद. खोटं कशाला बोलू, डॉक्टरने सांगितलं तेव्हा क्षणभर त्याला बरंच वाटलं.

ते बरं वाटणं घरातलं दाणापाणी संपेपर्यंत टिकलं. शेठने दुसरा गडी लावला. रखमी बोर्डीच्या कुठल्याशा बागेत पाणी शिंपायला जायला लागली. शेवटी तीच उठून निलमताईंकडे गेली, रडली, आणि त्यांना घेऊन आली. बाई आल्या. दुसरी कुणी आली नसती.

"तुम्ही शपथेवर सांगितलंय की वर्षानुवर्षं मागे होतात आणि पाठीला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "मग आता एका वर्षात कशी गेली, असं ते विचारणार. वाट एकच आहे. तुम्ही कबूल करायचं की तेव्हा खोटं बोललो, मागे चैत्याभाऊ होते. आणि त्यांनी येऊन सांगायचं की हो, पुढे देवजीभाऊ होते, मागे गेले ते नंतर. तुम्ही दोघं एक बोललात तर तुमचा दावा उभा राहील. त्यांच्या निकालावर मी वर अपील केलंय, तिथंही कदाचित उपयोग होईल. पण ते आले पाहिजेत. मी सांगून चालायचं नाही, तुम्ही जाऊन विचारा."

दोन दिवस रखमी त्याच्यामागे लागली. तिसऱ्या दिवशी तो काठी टेकत निघाला. रखमी बांधापर्यंत सोबत आली आणि तिथंच थांबली, ठकीसमोर जायचं तिला तोंड नव्हतं.

चैत्या ओट्यावर बसून टोपली विणत होता. आता तो टोपल्या विणायचा, बसून जेवढ्या होतील तेवढ्या. देवजीला बघून त्याने हातातली बांबूची कामटी बाजूला ठेवली आणि सरकून जागा केली. ठकीने आतून बघितलं आणि तोंड फिरवून चुलीशी गेली.

देवजीने पाठ सांगितली, पाय सांगितला, वकिलीणबाईंचं सांगितलं. बोलताना त्याची मान वर होत नव्हती. मनातून त्याची एकच इच्छा होती, की चैत्याने आता तोंड सोडावं. आईबाप काढावेत, ओट्यावरून ढकलून द्यावं. म्हणजे फिटंफाट होईल.

"येईन मी," चैत्या म्हणाला. "तारीख कळव."

"खरंच येशील?"

"जे हाय ते सांगायला काय होतंय, दादा?"

ठकी आतून काही तरी पुटपुटली. चैत्याने हात करून तिला गप्प केलं. मग कामटी पुन्हा हातात घेत म्हणाला, "तुला मागची जागा एवढी पायजे होती, तर मागायची होतीस. मी दिली असती."

टोमणा नव्हता तो. तसं असतं तर देवजीला परत बोलता आलं असतं. चैत्या सरळ मनानेच बोलला होता, हातात हात घ्यावा तसं. देवजीच्या कानशिलापर्यंत आग गेली. पाठ याची आधी गेली, गॅप याचा आधी आला, स्टेजवर हा बसला, आणि आता मोठं मनही यानेच दाखवायचं. आपण याच्या दारात हात पसरून बसायचं आणि कोर्टात सगळ्यांसमोर याने आपल्याला उचलून धरायचं. जजसाहेब पुन्हा त्याच्याकडेच बघणार.

"बघतो," देवजी म्हणाला आणि काठी टेकून उठला. चैत्याने त्याला उठायला हात दिला, तो त्याने घेतला नाही.

बांधावर रखमी उभी होती. लांबूनच तिने विचारलं, "काय म्हणाला? येतो ना?"

देवजी काठी टेकत तिच्याजवळ आला.

"नाय म्हणाला," तो म्हणाला. "तोंड फिरवलं त्याने."

"मला वाटलंच होतं," रखमी म्हणाली. "गप्प माणूस आतून काळाच असतो. एवढी वर्षं एका दांड्याखाली काढली, आणि वेळ आली तर मेल्याला पाझर फुटला नाय. त्याची खाट उठायची नाय कधी, बघ तू."

ती बोलत सुटली ती घर येईपर्यंत. चैत्याचं काही ठेवलं नाही तिने, त्याच्या मेलेल्या बापापर्यंत गेली. देवजी तिच्या मागोमाग काठी टेकत, पाय ओढत, एकेक शिवी ऐकत चालला होता. पुष्कळ दिवसांनी त्याला जरा बरं वाटत होतं.